चहापत्तीच्या डब्यातले खडे

प्रिय रझियाआपा,

आज मुक्ता बोलली! हे सगळ्यात आधी तुम्हाला सांगायला हवं होतं, आणि तुम्हीच नाहीत. म्हणून लिहायला बसले.

मी शाळेत नवीन आले ते दिवस आठवतात? रडणाऱ्या, चिडणाऱ्या, मिटून बसणाऱ्या लेकरांजवळ वर्गात बसायचं आणि त्यांना अभ्यासात सांभाळून घ्यायचं, हे माझं काम. प्रशिक्षण नुकतंच झालेलं, त्यामुळे अंगात वारं शिरलेलं! चौथीतल्या मुक्ताची आई वारली होती. पोरगी बाकाखाली जाऊन बसायची. मी वाकून विचारायची, "काय होतंय बाळा? सांग ना." ती आणखी आत सरकायची.

तुम्ही खिचडी शिजवता शिजवता दारातून बघायचात. एक दिवस न राहवून म्हणालात, "मॅडम, काहून सारखं विचारून राहिल्या तिला? तकलीफ होऊन राहिली लेकराला. माझ्यापाशी धाडा."

तुम्ही तिच्यापुढे सुपात थोडे तांदूळ ठेवायचात. ती खडे वेचायची. तुम्ही तिच्याकडे बघायचाही नाहीत, आपलं कांदे चिरत राहायचात. अर्ध्या तासाने पोरगी आपण होऊन वर्गात यायची, वही उघडायची.

आणि मी काय केलं? मुख्याध्यापक सर तपासतात त्या माझ्या नोंदवहीत लिहिलं, 'विद्यार्थिनीकडून स्वयंपाकाचे काम करून घेतले जाते.' दुसऱ्याच दिवशी सरांनी तुम्हाला बजावलं, लेकरं स्वयंपाकघरात येता कामा नयेत. तुम्ही "व्हय सर" म्हणालात आणि दार लोटून घेतलंत.

माझ्याशी भांडला का नाहीत, आपा? एकदा तरी खडसावायचं! उलट दुपारी मला चहा आणून दिलात, नेहमीसारखा साखर जास्त घातलेला. मला तर वाटलं, तुम्हाला काही वाटलंच नाही.

मुक्ता पुन्हा बाकाखाली गेली. मग आठवड्यातून दोन दोन दिवस येईना. यंदा पाचवीत गेली तरी तेच. तिचा मामा परवा म्हणाला, "शाळंतून नाव काढून टाकतो. घरी तरी बसंल गपचूप."

तुम्ही उन्हाळ्याच्या सुट्टीत हे जग सोडून गेलात. जूनमध्ये शाळा उघडली, तेव्हा मला कळलं. तोवर तुमचा चाळिसाव्या दिवसाचा विधीही होऊन गेला होता. माफी मागायची राहून गेली.

आज सकाळी तुमच्या जागी आलेल्या कमलबाईंनी फळीवरचा चहापत्तीचा डबा माझ्यापुढे धरला. "मॅडम, हे काय हो? आपल्या तांदळात तर खडे न्हाईत."

आत खडे होते. धुतलेले, हाताळून गुळगुळीत झालेले. खिचडीच्या तांदळात खडे नसायचेच; तुम्ही मुक्ताच्या सुपात हे खडे रोज स्वतः टाकत होतात! मला रडू आवरेना.

मग सुपात तांदूळ घेतले, खडे मिसळले आणि व्हरांड्यात जाऊन एकटीच वेचत बसले. कुणाला हाक मारली नाही. बऱ्याच वेळाने मुक्ता आली आणि समोर बसली. तिने एक लालसर खडा नेमका उचलला.

"ह्यो आपाचा हाय," ती म्हणाली. मग हळूच, "रोज त्येच खडे असायचे. मला म्हाईत होतं. आपाला सांगितलं न्हाई मी."

त्यानंतर ती तिच्या आईबद्दल बोलत राहिली. शाळा सुटेपर्यंत! मी एकही प्रश्न विचारला नाही.

आपा, वहीतली ती ओळ मी उद्या सरांसमोर खोडणार आहे, खाली माझी सही करून. संध्याकाळी मुक्ताच्या मामाच्या घरी जाणार आहे, आणि तो तिला शाळेत ठेवायला हो म्हणेपर्यंत उठणार नाही. तुमचा डबा आता माझ्या टेबलावर आहे. मुक्ता रोज तो लाल खडा काढील आणि मी रोज परत टाकीन. खडे मीच टाकते हे तिला माहीत असेल; पण ते मला कळलंच नाही, असंच मी वागेन.

तुमची,
फार प्रश्न विचारणारी
सुनीता मॅडम