कार्लस्रूहची तार

गिरिज, वसई
१२ फेब्रुवारी २०२५

ती. लुसीताईस,
सा. न.

कॉन्व्हेंटच्या मागच्या ओट्यावर आपण दोघी मोजे रफू करत बसायचो, आठवतं? एकदा कास्मिर भावोजींचा चेंडू भिंतीवरून आला आणि सिस्टरांच्या वाळत घातलेल्या चादरींवर आदळला. तू मोजा टाकून तो परत फेकलास. आज तेच डोळ्यांपुढे आहे.

आत्ता संध्याकाळी तुझ्या एल्टनचा फोन आला, की भावोजींचं उद्याचं ऑपरेशन पुढे गेलं. फोन ठेवला आणि लगेच हे लिहायला बसले. हृदयाची झडप फार दिवस दम धरणार नाही, असं डॉक्टर म्हणाले होते ना? आता पुढची तारीख कधीची देतील? भावोजींनी नाताळात पाठवलेली बॅग, 'माझं काही झालं तर लुसी सांगेल तसं वाट' म्हणून, कपाटावर तशीच आहे. मी ती उघडणार नाही. त्यांना सांग, जर्मन फुटबॉलची ती गोष्ट मी पुन्हा ऐकेन, जांभई न देता.

उत्तराच्या पत्राचा फोटो माझ्या नातीच्या, केयाच्या फोनवर पाठव. माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
क्लॅरिसा


प्रिन्स अल्बर्ट, कॅनडा
२१ फेब्रुवारी

चि. क्लॅरिसास,
अ. आ.

कास्मिर ठीक आहेत. एवढं आधी वाच, चष्मा पूस, मग पुढचं.

त्या दिवशी आम्ही सस्काटूनच्या हॉस्पिटलला निघायच्या बेतात होतो. एल्टनने बापाच्या फोनवर मेसेज वाचला, की उद्याची अपॉइंटमेंट पोस्टपोन झाली. त्याने तुला कळवलं आणि गाडीतली बॅग परत आत आणली. मी उगाच सूप गरम करायला घेतलं, म्हणजे रडू दिसू नये. कास्मिर मात्र बूट काढेनात. म्हणाले, "कार्लस्रूहवाल्यांनीही तार आली म्हणून बूट काढले होते."

त्यांनी जहाजावर नोकरीला असताना हॅम्बुर्गच्या बंदरात ऐकलेली आणि दर नाताळात आपण सोसलेली तीच गोष्ट. १९०३ साल, जर्मनीची पहिली राष्ट्रीय चॅम्पियनशिप. सामना पुढे ढकलल्याची तार आली, कार्लस्रूहचा संघ घरी राहिला, तार खोटी निघाली आणि ते न खेळताच बाद झाले. एल्टन नेहमीसारखा "डॅड, नॉट अगेन" म्हणाला. तरी त्यांनी त्याला हॉस्पिटलला फोन करायलाच लावला.

ऑपरेशन ठरल्याप्रमाणेच होतं. मेसेज डोळ्यांच्या क्लिनिकचा होता. त्याच दिवशी मोतीबिंदूची तपासणी होती, हे आम्ही सगळेच विसरलो होतो. मग निघायच्या धांदलीत तुला उलट कळवायचंही राहून गेलं.

बर्फ पडत होतं. ड्राइव्हवे फावड्याने शोव्हल करून एल्टनने गाडी जपून काढली. वाटेत त्यानेच विचारलं, की मग ती फायनल जिंकली कोणी. लाइपझिगने प्रागला सात-दोन हरवलं, हे त्यांनी एकेक गोल चघळत सांगितलं. मागे बसून मी रोझरी म्हणत होते. गोष्ट लवकर संपू नये, असं मला पहिल्यांदाच वाटलं.

नवी झडप बसली. शुद्धीवर आल्यावर ते मला पहिलं काय म्हणाले असतील? "डोळ्यांची नवी तारीख घेतलीस का?" आता खिडकीशी बसून सूप अळणी आहे म्हणून कुरकुरतात. ती कुरकुर ऐकत मी हे लिहिते आहे.

आहे तोच लोभ दोघांवर राहू दे, त्यांच्यावर थोडा जास्त.

तुझीच,
लुसीताई

ता. क. आता कपाटावरची ती बॅग उघड. मालक घरी आला आहे, म्हणून वाटणी बदलली. घड्याळ कोणी येणारं भेटलं की इकडे परत पाठव, ते त्यांना हवं आहे. हॅम्बुर्गची किटली केयाला. स्वेटर तुला, वसईत कितीही उकडलं तरी. चामड्याचा चेंडू चर्चच्या मैदानात खेळणाऱ्या मुलींना. त्या फायनलला म्हणे धड चेंडू मिळेना, म्हणून खेळ सुरू व्हायला उशीर झाला. तेव्हा हवा भरूनच दे. मुलींना ताटकळत ठेवू नकोस.