राणी नव्हे, कारकुनाची बायको

७ मे १९७३
संग्रहालयाच्या इजिप्त दालनात कुलर बसला. संचालकांची कल्पना. (यापुढे सं. पूर्ण शब्दाची शाई त्यांच्यावर खर्चावी असे वाटत नाही.) पंचवीसला मंत्री येणार, त्यांना नागपूरचा उन्हाळा सोसत नाही. शिवाय चुनखडीच्या शिळेपुढची काच काढवली. फोटोत चमक येते म्हणे. कुलरचे तोंड थेट शिळेवर.

ही शिळा आमच्या इजिप्त-संग्रहातली एकमेव अस्सल वस्तू. बाकी सारी कुण्या गोऱ्या अधिकाऱ्याने बंदरावर घासाघीस करून घेतलेली नकली मांजरे आणि मणी. शिळेवर कमळ हुंगणारी स्त्री. चेहऱ्याचा पिवळा रंग तीन हजार वर्षांनीही नवरीच्या हळदीइतका ताजा. सं. तिला 'मिसरची राणी' म्हणतात. ती धान्यकोठारावरच्या कारकुनाची बायको. डाव्या कडेला तसे कोरलेले आहे. ते वाचू शकणारी व्यक्ती या इमारतीत एकच आहे, याला माझा इलाज नाही.

९ मे
सं.ना समजावले. वाया. दगडात मीठ मुरलेले असते. कोरड्या हवेत ते निजून राहते. दिवसभर कुलरचे ओले वारे आणि रात्री पुन्हा कोरड, असे झाले की मीठ वर येते आणि रंगासकट पापुद्रा ढकलून देते. ज्या उन्हाळ्याला सारे गाव शिव्या देते तोच तिला मानवला होता, आणि पावसाळ्यात काच तिला राखत होती. सं. म्हणाले, "मॅडम, कधी माणसांचाही विचार करत जा."

दालनाचा पहारेकरी पंजाबराव, उमरेडचा. कुलरमध्ये बादल्या ओततो आणि त्याच वाऱ्यात खुर्ची ओढून झोपतो. त्याला हटकले तर, "दगडाले का सर्दी होते का, मॅडम?" याचा रजेचा अर्ज मी तारखेअभावी दुसऱ्यांदा परत केला आहे.

१४ मे
हनुवटीखाली पांढरे दिसले. मीठ. पंजाबराव ओल्या फडक्याने पुसणारच होता, हात धरला. सं.ना नेऊन भिंग दिले. ते हातभर लांब धरून पाहिले आणि म्हणाले, पावडर लावल्यासारखी दिसते, छान दिसते.


१७ मे
डाव्या गालाचा नखाएवढा तुकडा चौथऱ्यावर पडलेला. कागदाच्या घडीत जपून ठेवला. आज अक्षर बिघडले आहे. हे पान पुन्हा उतरवून काढणार नाही.

सं. महाल भागात कुणाच्या पंगतीला गेले होते. तेवढ्यात पंजाबराव आणि माळी यांच्याकडून शिळा माझ्या खोलीत आणवली. कुलूप घातले. खोलीतला माझा कुलरही बंद.

१९ मे
खोलीत बसवत नाही. टेबलाची काच भाजते. रिक्षाने रामदासपेठेत घरी पोचेपर्यंत डोके उठलेले असते. कचेरीत माझ्यावर विनोद चालू आहेत, तेही सुमार. पंजाबराव दारातून, "बाईले माहेरपणाले आणलं वाटते. पण तिच्यासंगं तुमी काहून भाजून राहिल्या? बिमार पडान ना." जा म्हटले. हा विनोद इतरांपेक्षा बरा होता, हे नमूद करते.

२२ मे
सं.चा लेखी हुकूम. शिळा चोवीसच्या संध्याकाळपर्यंत जागेवर, नाहीतर निलंबन. तीन ओळींत चार चुका. लाल शाईने दुरुस्त करून परत पाठवला. सोबत कळवले की काच बसवा, कुलर काढा, शिळा मी स्वतः आणून ठेवते. उत्तर आले, मंत्र्यांना घाम येतो.
घाम पुसता येतो. हा चेहरा पुसला की गेला.

२४ मे
संध्याकाळ. शिळा खोलीतच. सं.नी व्हरांड्यातून बजावले की सकाळी येताच दार उघडवून घेईन. मी न उघडले तर पंजाबरावाला उघडावे लागेल. किल्ल्या दोनच, एक माझ्या पर्समध्ये, दुसरी त्याच्या जुडग्यात. त्याच्यावर मी कधी विसंबले नाही. का विसंबावे.

निघताना तो आडवा आला. "मॅडम, उद्या सुट्टी पायजे. लेक आली माहेरपणाले, उमरेडले जातो."
अर्ज आणला नव्हता. मी मागितला नाही. जुडगा कमरेला तसाच होता. तो घेऊनच बसस्टँडकडे गेला.

२५ मे
सकाळ. आता दार उघडायचे तर मी, नाहीतर सुतार. आणि मंत्र्यांच्या स्वागताला सुतार बरा दिसणार नाही. सं. ते करणार नाहीत असे मात्र म्हणवत नाही.

काल सं.नी चौथऱ्यावरच्या नव्या पाटीचा मजकूर तपासायला पाठवला होता. 'मिसरची राणी.' खोडून लिहिले, 'धान्यकोठाराच्या कारकुनाची पत्नी.' पाटी मीच नेऊन लावणार आहे. चौथरा रिकामा राहिला तरी पाटीत चूक नको.