वाचून केलेली सही

नागपूर
ता. १९ जानेवारी, रविवार

माझ्या रितिका बाई, पोलीसवाल्या बाई,

तुझ्या आजीचा तुले मोठा मुका. माझी तब्येत ठणठणीत आहे, गुडघा सोडला तं. बुटानं तुझी बोटं सोलली म्हणून तू लिहिलं. त्याले खोबऱ्याचं तेल लावजो अन् मोजा उलटा घालजो, शिवण बाहेरून. हे मले कोणी शिकवलं नाही. मी तं जनमभर चप्पल बी धड घातली नाही, पण डोकं चालते माझं.

तुझं पत्र चार वेळा वाचलं. पहिल्या वेळेस अर्धा दिवस गेला. चौथ्या वेळेस चहा उकळेपर्यंत झालं. फोटो भाकरीच्या टोपलीले टेकवून उभा केला आहे. खाकीत तू माझ्या सासूसारखी दिसते, तशीच मान. ते बुढी तितराच्या मागं वावरभर पळे अन् दम लागत नसे तिले. तू आठशे मीटर पळून यादीत आली, ते काही हवेतून नाही आलं. सासूले सांगायले पाहिजे होतं. पोलीस दिसला का ती पळे, अन् नातवाची पोर पोलिसात जायसाठी पळाली. हसून हसून मेली असती.

फोन तीन रविवार लागला नाही म्हणते. तो बादलीत पडला. दुकानवाला म्हणे, तांदळात ठेवून पाहा. अन् तुझा बाबा कामावर गेला आहे, सेंट्रिंगचं मोठं काम निघालं बाहेरगावी, म्हणून त्याच्या दोन ओळी बी नाहीत यात. तू तिथून हलू नोको. कोणी काही सांगितलं तरी हलायचं नाही. ट्रेनिंगचे आठ महिने म्हणजे काय वं, लेकरू बी पोटात त्याहून जास्त राहते.

तू गाडीत बसली अन् तिसऱ्या दिवशी पेपरवाला आला. चांगला पोरगा होता, चहा दोनदा घेतला. म्हणे आजी, फोटो काढू. मी म्हटलं थांब रे बाबू, लुगडं बदलते. मंग लाडवाचं ताट हातात देऊन काढला त्यानं. दोन दिवसांनी छापून आलं. वर मोठ्या अक्षरात "पारधी बेड्यावरची लेक पोलिसात". खाली मी, माझं ताट अन् कोपऱ्यात तू, पासपोर्टच्या फोटोतली. मी चौकातून पाच पेपर आणले. हेडिंग सगळं मी वाचलं, एकटीनं, दुकानदारासमोर! तो म्हणे आजी, आता तुमचा बी नंबर लागते कुठंतरी. एक पेपर मी मढवायले ठेवला, एक तुझ्यासाठी, अन् एक वर घरमालकाच्या हातात नेऊन दिला. गिरिधरभाऊले. मीच नेऊन दिला वं. लाडवासंगं.

कोणी विचारलं असतं, आजी, असं काहून केलं, तं काय सांगू? आनंद झाला होता मले. आनंदात माणसाले भान राहत नाही.

तुले आठवते ना, खोली घेतली तेव्हा गिरिधरभाऊ म्हणे, "पवार म्हणजे गोंदियाकडले पवार का?" अन् तुझा बाबा कवडू म्हणे, "हो, तिकडलेच." झालं, आपण पारधी नाही, शेतीवाले पवार झालो. त्याच्या आधीच्या अकरा घरांनी नाही म्हटलं होतं, तिथं खरंच सांगितलं होतं ना. मंग चार वर्षं आपण घरात बी आपली बोली बोललो नाही. मी झोपेत बोलते म्हणून तू माझ्या तोंडावर हात ठेवून झोपे. ते चार वर्षांचं मी एका लाडवासंगं देऊन आली.

गिरिधरभाऊनं हेडिंग वाचलं. वाईट नाही बोलला. ताट मात्र त्यानं हातात घेतलं नाही, म्हणे ठेवा तिकडं पायरीवर. त्याची बायको संध्याकाळी जिन्यातून म्हणे, "आधी सांगायचं तरी आजी. आमच्या घरी पोरीबाळी आहेत." मी म्हटलं, "आमची बी पोरगीच आहे बाई, तिच्याच तं लाडू." दुसऱ्या दिवशी त्यांनी जिन्याच्या दाराले कुलूप लावलं.

मले तुझी थैली आठवली. पाचवीत कोणाचा तरी कंपास हरवला अन् गुरुजींनी सगळ्यात पहिले तुझं दप्तर उलटं केलं. सापडला दुसरीकडेच, पण तुझी भाकर जमिनीवर पडली होती. तू घरी येऊन रडली नाही. साडीच्या दुकानाची पारदर्शक थैली मागितली माझ्याकडून. दहावीपर्यंत त्या थैलीत पुस्तकं नेली तू, कोणाले उघडायची गरजच नोको म्हणून. पावसाळ्यात बाया म्हणत, पोरीले दप्तर घेऊन द्या ना. मी म्हणे, तिले हेच आवडते. तुले आवडत नव्हतं ते मले मालूम होतं.

आता चहा करून आली. इथं चूल आहे, वारा लय लागते, नदी बाजूलाच आहे ना.

बघ, लिहून गेली. आता खोडत नाही. वर "नागपूर" लिहिलं ते सवयीनं. मी कन्हानले आहे, आपल्या बेड्यावर, आपल्या लोकांच्या वस्तीत. खोली सोडली. सोडायले लावली म्हण. तुझं पत्र जुन्या पत्त्यावर गेलं होतं, वैदेही मॅडमनं आणून दिलं. मॅडम वकील आहे, पोरगीच आहे तशी, तुझ्याहून दहा-बारा वर्षांनी मोठी. वकील काहून लागला ते सांगते. उठू नोको वाचता वाचता. बसून वाच.

पेपर छापून पाच-सहा दिवस झाले असतीन, वरच्या बाईची सोन्याची पोत हरवली. दिवेलागणीले ठाण्यातून दोघं जण आले अन् कवडूले घेऊन गेले. तो नुकताच कामावरून आला होता, हाताले सिमेंट होतं. म्हणे "हात तं धुवू द्या." नाही धुवू दिले. आपल्या घराची झडती घेतली, पीठ जमिनीवर ओतलं, तुझ्या पुस्तकांची पेटी बी. काही भेटलं नाही. फोन नेला. बादलीत पडला नाही तो.

मी सकाळीच ठाण्यात गेली. पण कशी गेली ते ऐक. रडत नाही गेली. डब्यात लाडू घेतले, पिशवीत पेपर घेतला. जनमभर त्या दारात मी भीत भीत उभी राहिली. जत्रा आली का तुझ्या आज्याले पोलीस आधीच नेऊन बसवत, मंग मी डबा घेऊन जाई अन् अंगठा लावून परत येई. ती शाई निघत नसे, भाकरीले लागे. कवडू लहान होता, काळी भाकर नाही खात म्हणे. पण या वेळेस मले वाटलं, आता आपण परके नाही. आपली पोरगी त्यांच्यातली.

हवालदार होता चंपतराव नावाचा. मी म्हटलं, "साहेब, माझी नात बी तुमच्यातच आहे." त्यानं पेपर वाचला. लाडू खाल्ला. म्हणे, "वा आजी! आता चोर बी घरचा अन् पोलीस बी घरचा." सगळे हसले. मी बी हसली.

हसली वं मी. हे तुले सांगणं मले सगळ्यात जड गेलं, म्हणून पटकन लिहून टाकलं.

मंग तो म्हणे, "पोराले नेता का?" मी म्हटलं, "त्यासाठीच तं आली." त्यानं एक कागद काढला, लिहिलेला होता, पुरा भरून. "हा सुटकेचा कागद. लाव अंगठा." शाईचा डबा सरकवला माझ्याकडं.

मी तो डबा परत सरकवला. म्हटलं, "अंगठा नाही साहेब. सही येते मले."

तो म्हणे, "अरे, आजीले खुर्ची द्या रे!" खुर्ची दिली. त्या ठाण्यात मी पहिल्यांदा खुर्चीवर बसली. पेन दिला. तू आठवीत असताना मले चुलीपुढं फरशीवर कोळशानं शिकवलं, तशी केली सही. सावकाश. पुरं नाव. जीभ बाहेर काढून, तू हसे ना त्याले. कागद वाचायचं माझ्या मनात आलं होतं. पण ते हातचं अक्षर एकात एक गुंतलेलं, पेपरसारखं सुटं नव्हतं. वाचता येत नाही असं त्यांच्यापुढं म्हणायची मले लाज वाटली. नुकतीच तं म्हणाली होती का मले येते.

"संध्याकाळी पोरगा येईन घरी," म्हणे. निघताना दारापर्यंत आला तो, म्हणे, "आजी, नातीच्या नोकरीच्या चौकशीचा कागद बी आमच्याच टेबलावरून जाते बरं. गडबड नाही करायची."

मी घरी येऊन पीठ गोळा केलं, चाळलं अन् कवडूसाठी भाकरी केल्या. तो आला नाही.

दुसऱ्या दिवशी कोर्टात वैदेही मॅडमनं तो कागद मले वाचून दाखवला. बेड्यावरच्या कोणीतरी तिले बोलावलं होतं. कागदात लिहिलं होतं का माझ्या मुलानं पोत चोरली अन् विकली असं त्यानं माझ्यासमोर कबूल केलं. तो आधीपासून असंच करते. हे मी राजीखुशीनं सांगते. खाली देवकी सोमाजी पवार.

मॅडम म्हणे, "आजी, ही तुमची सही आहे?" 

खोटं कसं बोलू? अशी सही दुसरं कोण करीन?

ती म्हणे का हा कागद पुढं टिकायचा नाही, पण तोवर तो आत राहीन. पुढची तारीख फेब्रुवारीत आहे. जमानतीवर सोडा म्हणून तिनं लय सांगितलं. समोरचा वकील म्हणे, सख्खी माय सांगते, आणखी काय पाहिजे.

कवडूले आणलं तं त्याले चप्पल घालता येत नव्हती. तळपाय सुजले होते. भिंतीले हात लावून चालत होता अन् हाताले तेच सिमेंट होतं, वाळलेलं. दोन मिनिटं भेटू दिलं. मले तोंड वर करवेना. तो म्हणे, "माय, तू सही केली?" 

म्हटलं, "हो." 

म्हणे, "चांगली आली का?"

मी म्हटलं, "हो रे. चांगली आली."

म्हणे, "बस झालं. रितिकाले काही सांगू नोको. ती पळत येईन."

म्हणून मी सांगत नव्हती. तीन आठवडे तुले फोन नाही, पत्र नाही. पण तू लिहिलं का पुढच्या महिन्यात आमाले जबाब लिहायले शिकवणार आहेत. ते वाचून मी बाहेर जाऊन बसली, नदीकडं तोंड करून. मॅडम म्हणे, ठाण्यातून तिले कळण्याआधी तुमच्याकडून कळू द्या. अन् मलेही वाटलं, तू तिकडं मानानं शिकत राहिली, अन् मी इकडून बादली, तांदूळ, बाहेरगाव लिहून राहिली. एक खोटा कागद झाला माझ्या नावाचा. दुसरा नोको.

आता तुले राग येईन. ये म्हणायची मले लय इच्छा आहे. इथं बेड्यावर सगळे आपली बोली बोलतात, मोठ्यानं बोलतात, पण माझ्याच तोंडातून निघत नाही आता, सवय मोडली. तू असती तं मोडलेली परत लागली असती. पण येऊ नोको. तू आली तं त्या चंपतरावले काही लिहायची बी गरज नाही पडणार, तुझा कागद आपोआप फाटला. त्याले लिहू दे काय लिहायचं ते. तो दम देऊन गेला तसा नकार लिहीन, नाही लिहिणार, मले मालूम नाही. मॅडम म्हणे, लिहिला तं भांडू. तू मात्र सकाळी पाच वाजता उठ अन् पळ.

अन् ते जबाब लिहायचं नीट शीक. अक्षर सुटं काढजो. कोणी बुढी तुझ्यापुढं येईन, लाडू घेऊन येईन, नाही तं रडत येईन. तिले खुर्ची दे नाही तं नोको देऊ. पण पेन द्यायच्या आधी पुरा कागद मोठ्यानं वाचून दाखवजो. ती म्हणीन का मले येते वाचता. तरी वाचजो. तिले लाज वाटत असीन.

तुझ्या बाबाले मी दर मंगळवारी भेटायले जाते. सूज उतरली आहे. मागच्या वेळेस मी तुझा फोटो जाळीतून दाखवला तं बाजूच्या शिपायाले म्हणे, "हे माझी पोरगी, तुमच्यातली." शिपायानं फोटो जवळून पाहिला. मंग म्हणे, "उंच आहे." बस एवढंच. पण वाईट नाही म्हटलं.

हे पत्र मी तीन दिवसांत लिहिलं. कोणी सांगितलं नाही, कोणी हात धरला नाही. आज सकाळी वैदेही मॅडमपुढं पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचलं. फोन बादलीत पडला ते खोटं आहे, बाबा बाहेरगावी ते खोटं आहे, वरचं नागपूर खोटं आहे. बाकी सगळं खरं आहे, अन् लाडू बी खरे होते.

वाचून सही केली.

देवकी सोमाजी पवार
पारधी, बेडा कन्हान
पोलीस रितिकाची आजी