पश्चिमेच्या भिंतीतले मेण

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, भाडेकरू संघाची माजी अध्यक्ष, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे, असे डॉक्टर म्हणतात. गेल्या मंगळवारपासून मला स्वतःला तशी खात्री नाही. पण कायद्याला डॉक्टरांचे चालते.

मंगळवारचे आधी लिहिते, कारण पुढची सगळी कलमे त्यातून निघाली आहेत. संघाने मला नुकतेच सन्मानपत्र दिले, "कामगार वसाहतीवरील मेणाच्या भिंतींचे संकट परतवल्याबद्दल". ते टांगायला सुतार आला. त्याने पश्चिमेच्या भिंतीत ड्रिल घातले आणि भोकातून पातळ काहीतरी ओघळू लागले.

"बाई, पाइप फुटला!"

या भिंतीत पाइप नाही. त्याने डब्याचे झाकण खाली धरले. बुधवारी सकाळी झाकणात पांढरे, घट्ट मेण होते. मी ते नखाने खरवडून पाहिले.  

सतरा वर्षांपूर्वी माझ्या पतींना उन्हाळा सोसेनासा झाला. तेव्हा मी दौऱ्यावर असताना ही भिंत माझ्या धाकट्या भावाने, तो गवंडी आहे, नव्याने केली. मला एवढेच म्हणाला, "ताई, या भिंतीत खिळा मारायचा नाही. आणि रात्री वरच्या खिडक्या उघड्या ठेवायच्या." पती त्या रोज न विसरता उघडत. त्यांना ठाऊक होते. भिंतीत काय आहे हे शेवटपर्यंत मला कळू न देता ते गेले; खिडक्या मी नुसत्या सवयीने उघडत राहिले.

पुढच्याच वर्षी वसाहतीच्या दोनशे चाळीस खोल्यांत असेच मेण घालावे, असे भावाने भरसभेत सुचवले. मी अशा भिंतींवरच्या एका जाड पुस्तकाची चाळीस पाने वाचून गेले होते आणि दोन तास बोलले. "गरिबाच्या भिंतीत मेणबत्त्या भरणार! एक ठिणगी, आणि वसाहतीची राख!" टाळ्या थांबेनात. आगीची शंका खोटी नव्हती. उत्तर ऐकायला मात्र मी थांबले नाही. तो बोलायला उभा राहिला, तेव्हा मी त्याला कंपनीचा दलाल म्हटले. वर गरजले, "माझ्या घरी या, पश्चिमेच्या भिंतीला हात लावा! साधी वाळू, साधे सिमेंट, तरी गार!"

तो माझ्यासमोर उभा होता. एका वाक्यात माझे तोंड बंद करू शकला असता. तो निघून गेला आणि सोळा वर्षे या घरी आला नाही. त्या दोनशे चाळीस खोल्या सोळा उन्हाळे भट्टीसारख्या तापल्या. त्या मी तापवल्या.

कलम एक. या मृत्युपत्राचे पाकीट बंद करू नये. वसाहतीचा गिलावा येत्या महिन्यात नव्याने होणार आहे आणि लोक अजून माझ्याच भाषणाचा दाखला देऊन मेण नाकारतात. म्हणून रविवारच्या सभेत, ज्या पायऱ्यांवरून ते भाषण केले त्याच पायऱ्यांवरून, हे मी स्वतः वाचेन. त्याआधी मेले तर सुताराने वाचावे. आवाज खणखणीत आहे त्याचा.

कलम दोन. माझ्या मालकीचे हे घर धाकट्या भावाला. (खोडले. कारण शेवटी.) घर वसाहतीच्या रहिवाशांना. भोक बुजवू नये, त्यावर काच बसवावी. येईल त्याला सांगावे: मेण वितळताना उष्णता गिळते, म्हणून खोली तापत नाही, रात्री वाऱ्याने गोठताना ती बाहेर टाकते, खिडकी बंद ठेवलीत तर दुसऱ्या दिवशी भिंत कामाची नाही. एवढेच होते. यासाठी दोन तास लागत नाहीत.

कलम तीन. माझी पुस्तके वाचनालयाला. ते जाड पुस्तक मात्र संघाच्या नव्या अध्यक्षांना. आगीवरचे प्रकरण त्रेसष्टाव्या पानावर आहे: गिलाव्याचा थर किती जाड हवा, आतल्या मेणाच्या पिशव्या कशा पारखायच्या, सगळे. मी चाळिसाव्यावर थांबले होते.

कलम चार. सन्मानपत्र सिमेंटच्या व्यापाऱ्याला. त्या सभेत सर्वांत जोरात टाळ्या त्याच्या होत्या. सोबत झाकणातले मेणही द्यावे.

कलम पाच. माळ्यावरची थापी आणि ओळंबा भावाची आहेत, भिंत झाल्यावर विसरून गेला होता. ती आजच परत केली. परत करणे म्हणजे देणे नव्हे, हे वकिलांनी ध्यानात घ्यावे.

कलम दोन का खोडले ते असे. काल मी सुताराकरवी भावाला निरोप धाडला. आज तो आला, भोकाकडे पाहिले आणि म्हणाला, "मारलासच ना खिळा शेवटी?"

"तेव्हा का नाही बोललास रे?"

"दाजींनी शपथ घातली होती, तुला कळलं तर भिंत पाडायला लावशील म्हणून. आणि सभा तुझी होती."

"घर तुझ्या नावावर लिहिलंय."

"ज्याला काही मिळतं, त्यानं साक्षीदार व्हायचं नसतं ना?"

"नाही."

"मग खोड ते. त्या दिवशी माझं कुणी ऐकलं नाही, ताई. रविवारी तू हे वाचशील, तेव्हा खाली माझं नाव पाहिजे."

मी खोडले. रेघ वाकडी आहे. खाडाखोड माझीच समजावी.

ठिकाण: पश्चिमेची खोली. दिनांक: सभेआधीचा शुक्रवार, दुपारी तीन. बाहेर एक्केचाळीस अंश, आत अठ्ठावीस.

सही: मृत्युपत्र करणारी, थोरली बहीण.

साक्षीदार पहिला: सुतार. सही.

साक्षीदार दुसरा: धाकटा भाऊ. व्यवसाय: गवंडी. भरसभेत मी दुसरा शब्द वापरला होता. तो याच सहीने रद्द. सही.