अत्याच्या हातातलं घड्याळ

अंबत्तूर, चेन्नई, ४ जून

ती. वेंकटदादास रंजनीचा सा. न. वि. वि.

शुद्धलेखन चुकेल, माफ कर. नववीत शाळा सोडली, त्यात फोनवर मराठी टाइप करायला मला अर्धा दिवस लागतो. बोलायला लाज वाटते म्हणून लिहिते.

तुझ्या आईला, म्हणजे आमच्या अत्याला, पडली तर कळवणारं घड्याळ तू बांधून गेलास. सोवळ्यात ती ते काढायची. मग तुझ्या फोनवर लाल यायचं. तू म्हणालास, परत काढलंस तर पुण्याला नेईन. तेव्हापासून ती काढत नाही. पण रबरी पट्टा घालून सोवळं कसं होणार? म्हणून तिनं पूजा सोडली, चूल सोडली. आमच्या हातचं कधी न खाणारी बाई आता आमच्याकडचा डबा घेते आणि अर्धा परत देते.

सकाळी दोन तास काढू दे ना. मी उंबऱ्याबाहेर बसेन.

रागावू नको, माया ठेव.
तुझी रंजनी

पुणे, ६ जून

चि. रंजनीस वेंकटदादाचे आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. माझ्या फोनवर सगळं हिरवं दिसत होतं, मी ऑफिसात सांगत होतो की आई मजेत आहे. गेल्या वर्षी ती न्हाणीघरात पडली, दुपारपर्यंत कुणाला कळलं नाही, ती भीती जात नाही गं. पण तू बसणार असशील तर काढू दे. घड्याळाचा सकाळचा इशारा मी बंद केलाय. पुण्याचं नाव काढणार नाही म्हणून सांग.

तुझं मराठी माझ्या मुलांपेक्षा बरं आहे. लाजू नको, लिहीत जा.
तुझा दादा

अंबत्तूर, ९ जून

ती. दादास सा. न.

तुझं पत्र अत्याला वाचून दाखवलं. खूश झाली, परत वाच म्हणाली. मग मी म्हटलं, काढ आता, मी बसलेय. तिनं पट्ट्याला बोट लावलं आणि थांबली. तू आज हो म्हणतोस, उद्या घाबरलास की तिकीट घेऊन येशील, असं तिला वाटतं. मी खूप समजावलं. शेवटी म्हणाली, "वेंकटाला मी दिसते ना, पुरे."

देवाजवळ दिवा आता मी लावते. ती हॉलमधून हात जोडते. आत ये म्हटलं तर मान हलवते.

तू एकदा ये दादा. न्यायला नको, नुसता ये.

माझ्या थोरल्या बहिणीचं, भव्याक्काचं लग्न ठरलं. मुलगा इथल्याच, एन्नोरचा आहे.

तुझी रंजनी