तिसरी हाक

पोशीर मुक्कामी माझ्या आयेस, गजानं तुझ्या पायावर डोकं ठेवलं असं समज.

मी बरा हाय. खोकल्यातनं रगत कमी पडतं, रोज दूध मिळतं. भाताच्या रोपासाठी वाफ्यावर राब भाजून झाला का? पाला आणायला तू डोंगरात जाऊ नको, धाकट्या पदूला धाड.

घाटावरच्या या दवाखान्यात समद्यांना खाटेच्या नंबरानं हाक मारतात. मी ओ देत नाय. छाती बिघडली म्हणून गजाचा नंबर होतो का? नर्सबाई चिडतात, मी हसतो.

शेजारच्या खाटेवर कडावचा हिरामण व्हता. परवा बाईंनी त्याला पहिल्यांदाच नावानं हाक मारली, लई मायेनं. मग टोकाच्या खोलीत नेला. आज त्याची खाट धुऊन उन्हात ठेवली व्हती.

तू सांगायचीस, तिन्हीसांजेला नावानं हाक आली तर लगेच ओ देऊ नये. भूत दोनदाच हाक मारतं, माणूस तिसऱ्यांदा मारतो.

आत्ताच दिवे लागले. दारातनं बाई दोनदा "गजा" म्हणाल्या. आवाजात राग नव्हता.

मी खाली मान घालून लिवतोय. तिसरी हाक अजून आली नाय.

तुझा लेक,
गजा