समतेची खुर्ची

६ जानेवारी, सोमवार. सकाळी १०.
समता प्रशिक्षणासाठी ठाणेदारसाहेबांनी माझं नाव दिलं. योग्यच. पोलिसातल्या अठ्ठावीस वर्षांच्या नोकरीत जात, धर्म, बाई, पुरुष, कसलाच भेदभाव केला नाही. सगळ्यांवर सारखाच ओरडलो. संकल्प: आपलं ठाणं जिल्ह्यात पहिलं. प्रशस्तिपत्र घरी टीव्हीच्या वर.

७ जानेवारी.
सिंदी मेघेहून बॅनर आणला. 'सर्व समान'. खाली माझा फोटो, जरा मोठा. आमची शिपाई वर्षाली हुशार आहे, म्हणून रांगोळी आणि चहाचं काम तिला दिलं. म्हणाली, काऊन, पुरुषायले चहा करता येत नाई का? तिला विषय अजून नीट कळलेला नाही. प्रशिक्षणात पुढे बसवावी.

८ जानेवारी.
उद्या वर्ध्याचे मोठे साहेब येणार. त्यांच्यापुढे प्रात्यक्षिक: आदिवासी महिला तक्रारदाराशी कसं वागावं. शिपाई रोशनला लुगडं नेसवायचं ठरवलं होतं. ऐन वेळी फिरला. आजकालच्या पोरांत समर्पण नाही.

९ जानेवारी, गुरुवार. दुपारी ३.
देव पावला. पायरीवर सकाळपासून एक गोंड बाई बसलेली. रुखमाबाई. चार बकऱ्या चोरीला गेल्या म्हणे. कालही आली होती, पण मी बॅनर बांधण्यात होतो. तिलाच आत घेतलं. खुर्ची दिली, पाणी दिलं, 'ए बाई'ऐवजी 'ताई' म्हटलं. प्रत्येक बकरी रंगासकट लिहून घेतली. एकीचा कान फाटका. रुखमाबाईच्या डोळ्यांत पाणी आलं. म्हणाली, साहेब, पोलिसायनं खुर्ची देल्ली, असं पह्यल्यांदाच झालं. मोठ्या साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

१० जानेवारी.
अभिप्रायाचे फॉर्म कोणी भरेना. सगळ्यांचे मीच भरले. सर्वांना 'उत्कृष्ट'. यालाच समता म्हणतात.

१३ जानेवारी, सोमवार.
रुखमाबाई आली. बकऱ्यायचं काय झालं, विचारत होती. तिची तक्रार प्रात्यक्षिकातली. कागद फोटोसकट अहवालात लावून वर्ध्याला गेला. ठाण्यात नोंद नाही. आता हे तिला कसं सांगणार? तपास सुरू आहे म्हटलं. कागदाचा सुरू करावा लागेल. उद्या संक्रांत. परवा नक्की.

१५ जानेवारी.
परवा म्हणजे आजच. डोकं दुखत होतं.

१६ जानेवारी, गुरुवार. संध्याकाळी ६.
टपालाने प्रशस्तिपत्र आलं. 'उत्कृष्ट प्रात्यक्षिक'. पेढे मागवणार, तेवढ्यात वर्षाली आली. सुट्टीत स्वतःहून आठवडी बाजारात विचारून आली होती. फाटक्या कानाची बकरी सोमवारीच कसायाला विकली गेली. म्हणजे गेल्या गुरुवारी नोंद केली असती, तर वाचली असती. तिने हे सगळं रुखमाबाईलाही सांगितलं होतं. प्रात्यक्षिकाचंसुद्धा.

रुखमाबाई मागेच उभी. मी खुर्ची पुढे केली. ती फरशीवर बसली. म्हणाली, खुर्चीत बसून सांगतलं थे नाटक निंगालं, साहेब. खालीच बरं हाये. आता खरं लिवा.

लाज वाटली. अठ्ठावीस वर्षांत एवढी वाटली नव्हती. मीही खाली बसलो. चारही बकऱ्या पुन्हा लिहिल्या, गुन्हा नोंदवला. उरलेल्या तिघींसाठी वर्षाली जीप घेऊन निघाली. उठताना गुडघ्याने दगा दिला. रुखमाबाईने हात दिला.

ती सकाळपासून उपाशी होती. चहा मी करायला घेतला. साखर कुठे असते, ते विचारायला वर्षालीला फोन करावा लागला.